चौथा आराखडा: जूकन घळ आणि संमतीचा प्रश्न

१५ मे २०२० रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पूटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या आदिवासी समाजांच्या संस्थेने रिओ टिंटो या खाण कंपनीकडे एक साधी विचारणा केली. नायडॉक सप्ताह, म्हणजे तिथल्या आदिवासींचा वर्षातला मोठा सांस्कृतिक सोहळा, त्या निमित्ताने आमच्या काही लोकांना जूकन घळीत जायचे आहे, जाता येईल का? घळ त्यांच्याच पूर्वजांची, पण ब्रॉकमन ४ या लोहखाणीच्या हद्दीत आलेली, म्हणून विचारावे लागले. उत्तर आले की तिथे स्फोटाची तयारी झाली आहे, सुरुंग भरण्याचे काम सुरू आहे.

नऊ दिवसांनी, २४ मे रोजी, रविवारी, सुरुंग उडाले. जूकन १ आणि जूकन २ या दोन शैलाश्रयांचा, म्हणजे कड्याच्या पोटातल्या दोन मोठ्या कपारींचा, विध्वंस झाला. जूकन २ मध्ये माणसाच्या वावराच्या खुणा ४६,००० वर्षांपूर्वीपर्यंत जात होत्या.

हा स्फोट बेकायदा नव्हता. त्यासाठी कोणावर खटला चालला नाही, कोणाला दंड झाला नाही. कंपनीकडे राज्याच्या मंत्र्याची परवानगी होती आणि त्या समाजाशी केलेला करारही होता. या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते याच कारणासाठी. जंगलात चोरून झाड तोडणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. इथे कागद पूर्ण होते, आणि ज्यांचे सगळे गेले त्यांचीही त्या कागदांवर सही होती. मग बिघडले कुठे? माझे उत्तर असे, की सही घेताना त्या लोकांना जे सांगायला हवे होते ते सांगितले गेले नाही, आणि पुढे जे नवे कळले त्यावर फेरविचार करायला करारात आणि कायद्यात जागाच ठेवलेली नव्हती. खाली जे मांडतो आहे ते या दोन वाक्यांचाच तपशील आहे.

मुलूख, माणसे आणि त्यांची संस्था

पिल्बरा हा पश्चिम ऑस्ट्रेलियाचा वायव्येकडचा भाग. लाल माती, लाल कडे, आणि त्या लालीचे कारण असलेले लोहखनिज. जगाच्या पोलादाचा मोठा हिस्सा इथल्या डोंगरांतून निघतो. त्यातल्या हॅमर्सली डोंगररांगेत, टॉम प्राइस या खाणगावापासून सुमारे ६० किलोमीटरवर जूकन घळ आहे. घळीत पाण्याचा एक डोह होता, सापाच्या फण्यासारख्या आकाराचा, आणि तो डोहही तिथल्या लोकांना पवित्र.

पूटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा हे दोन वेगळे पण नात्यातले समाज. भाषा वेगळ्या, मुलूख शेजारचे. २००१ मध्ये दोघांनी मिळून एकच दावा दाखल केला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये फेडरल न्यायालयाने दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीवर त्यांचा हक्क मान्य केला. लिहिताना बोलताना दोघांना मिळून ‘पीकेकेपी’ म्हणतात. पण एकत्र दावा केला म्हणून कोणीही कुठल्याही जागेबद्दल बोलावे असे होत नाही. जूकन घळ कुर्रामांच्या मुलखात, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा मान कुर्रामांचा. आपल्याकडे एका भावकीच्या देवाबद्दल दुसरी भावकी परस्पर शब्द देत नाही, तसेच.

हा हक्क, ज्याला तिथे नेटिव्ह टायटल म्हणतात, नेमका काय आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण नाव ऐकून तो सातबाऱ्यासारखा वाटतो आणि तसा तो नाही. इंग्रजांनी ऑस्ट्रेलिया घेतला तेव्हा ही जमीन कोणाचीच नव्हती, असे तिथला कायदा दोनशे वर्षे मानत आला. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचे एडी माबो आणि त्यांचे सोबती हे मानायला तयार नव्हते. ३ जून १९९२ रोजी हाय कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला (तिथे हाय कोर्ट म्हणजे देशातले सर्वोच्च न्यायालय). माबो स्वतः निकालाच्या काही महिने आधीच वारले होते. त्या निकालातून १९९३ चा नेटिव्ह टायटल कायदा आला. पूर्वापार चालत आलेल्या रीतीभातींनी जो हक्क टिकून आहे, तो न्यायालय ओळखते; नव्याने देत नाही. पण तो सिद्ध करण्याचे ओझे दावेदारांवर, आणि मधल्या काळात सरकारने इतरांना दिलेले पट्टे व परवाने बहुतेक कायम.

आणि मुख्य म्हणजे या हक्कात खाणीला ‘नको’ म्हणण्याची ताकद नाही. वाटाघाटीचा हक्क आहे. ठरावीक मुदतीत बोलणी जुळली नाहीत तर प्रकरण नेटिव्ह टायटल न्यायाधिकरणापुढे जाते, आणि तिथून खाणीला नकार मिळाल्याची उदाहरणे अगदी बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे बोलणीला बसलेल्या माणसाला ठाऊक असते की आपण उठून गेलो तरी खाण व्हायचीच आहे. बसून राहिलो तर निदान काही पैसे, काही नोकऱ्या, चार जागांचे रक्षण तरी पदरात पडेल. अशा मनःस्थितीत झालेल्या सहीला आपण किती वजन द्यायचे, हे ठरवताना हे विसरता कामा नये.

हक्क मान्य झाल्यावर समाजाला एक नोंदणीकृत संस्था उभारावी लागते. तिचे नियम, संचालक, सभासदांची नोंदवही, वार्षिक सभा, हिशेब हे सगळे आदिवासी संस्थांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे चालते आणि त्यावर एक सरकारी निबंधक देखरेख ठेवतो. जमिनीच्या हक्काला धक्का लावणारा निर्णय संचालकांनी परस्पर घ्यायचा नसतो. हक्कदारांना विचारून, त्यांच्या परंपरेच्या किंवा त्यांनी ठरवलेल्या पद्धतीने संमती घ्यावी लागते. कागदावर ही रचना चांगली आहे. अडचण अशी की संस्थेची सगळी बांधणी आतल्या जबाबदारीची आहे: संचालक सभासदांना उत्तरदायी, सभासद सभेला उत्तरदायी. समोर बसलेल्या कंपनीने या सभेपुढे सगळे पत्ते उघडे केले पाहिजेत, असे बंधन कुठेच नाही.

२०११ चा करार

पीकेकेपी आणि रिओ टिंटो यांच्यात २००६ मध्ये प्राथमिक आणि २०११ मध्ये सविस्तर सहभाग करार झाला. तेव्हा समाजाचा हक्क न्यायालयाने अजून मान्य केलेला नव्हता. तो चार वर्षांनी व्हायचा होता. दावेदार म्हणून बसलेल्या लोकांनी जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी एकीशी हा करार केला.

करार एखाद्या खाणीपुरता नव्हता, संपूर्ण दाव्याच्या क्षेत्रासाठी होता. कंपनीने मोबदला द्यायचा, वारशाच्या जागांची पाहणी आणि सल्लामसलत करायची. समाजाने खाणकामाला आणि त्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांना आडवे यायचे नाही. जाहीरपणे टीका करायची नाही, कंपनीला आधी कळवल्याशिवाय सरकारकडे किंवा न्यायालयात दाद मागायची नाही, अशा अर्थाची बंधने त्यात होती. इंग्रजीत अशा कलमांना तोंडात बोळा घालणारी कलमे म्हणतात. नाव रांगडे आहे पण अचूक आहे.

सरसकट संमतीचा धोका इथे दिसतो. २०११ मध्ये सही करणाऱ्यांपुढे जूकन घळीचा नकाशा ठेवून ‘ही जागा उडवायची आहे, चालेल का’ असे कोणी विचारले नव्हते. त्यांनी एका मोठ्या चौकटीला होकार दिला, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या होकाराच्या पोटातून निघाला.

चार आराखडे

पश्चिम ऑस्ट्रेलियात वारशाच्या जागांसाठी १९७२ चा कायदा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे अशी जागा बिघडवणे हा गुन्हा, आणि कलम १८ प्रमाणे मंत्र्याची संमती घेतली की तो गुन्हा राहत नाही. अर्ज करायचा जमीनमालकाने किंवा खाणपट्टाधारकाने. अर्ज फेटाळला तर अपील करायचा हक्कही तेव्हा त्यालाच. ज्यांच्या पूर्वजांची जागा, त्यांना अपिलाचा हक्क नव्हता. जुलै २०१० नंतरच्या दहा वर्षांत खाणींसंबंधी असे ४६३ अर्ज झाले आणि एक सोडून सगळे मंजूर झाले. रक्षणासाठी म्हणून केलेला कायदा अशा रीतीने परवाने देण्याची खिडकी होऊन बसला होता.

रिओ टिंटोने जूकन घळीसाठी २०१३ मध्ये कलम १८ खाली अर्ज केला आणि वर्ष संपता संपता संमती मिळाली.

आता या प्रकरणाचा गाभा. खाणीचा खड्डा कसा खणायचा याचे चार आराखडे कंपनीपुढे होते. त्यांतल्या तिघांत कपारी वाचत होत्या; वेगवेगळ्या अंतरावरून खड्डा वळवला जात होता. चौथ्या आराखड्यात कपारी जात होत्या, पण त्याबरोबर आणखी ८० लाख टन उंची प्रतीचे खनिज मिळत होते. त्याची किंमत कंपनीच्याच अंदाजाने सुमारे १३ कोटी ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. कंपनीने चौथा आराखडा निवडला.

पीकेकेपींना या चार आराखड्यांबद्दल सांगितलेच गेले नव्हते. त्यांना एवढेच कळले होते की खाण इथपर्यंत येणार आहे. दुसरा मार्ग आहे, तोही एक नव्हे तर तीन, हे त्यांना कळले ते २०२० मध्ये संसदीय समितीच्या चौकशीत, कपारी गेल्यानंतर.

या एका गोष्टीवर मी अडून बसतो. स्फोट कोणी केला, कोणाची सही होती, कोणता ईमेल कोणाला पोचला नाही, या सगळ्या गोष्टी चौकशीत आल्या आणि त्यांचेही महत्त्व आहे. पण २०१३ च्या त्या टेबलावर चारही नकाशे शेजारी शेजारी मांडले असते आणि कुर्रामांच्या ज्येष्ठांना बोलावून ‘यातला कोणता’ असे विचारले असते, तर उत्तर काय आले असते याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. प्रश्न मुद्दाम इतका अरुंद ठेवला गेला की त्याला एकच उत्तर उरावे. ‘खाण येणार आहे, तुमच्या वस्तू काढून घ्यायच्या का?’ यावर कोणीही हो म्हणेल. त्या ‘हो’ला संमती म्हणणे हा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो सुरुंगाच्या सात वर्षे आधी घडला.

करगोटा

कपारी जाणारच असे ठरल्यावर त्यातले जे वाचवता येईल ते वाचवण्यासाठी २०१४ मध्ये उत्खनन झाले. पुरातत्त्वज्ञ मायकेल स्लॅक यांच्या चमूने ते केले. आधी २००८ मध्ये एक छोटा चाचणी खड्डा घेतला होता. आता हात मोकळा मिळाला आणि जे निघाले त्याने सगळे चित्रच बदलले. सात हजारांहून अधिक वस्तू. दगडी हत्यारे, धान्य वाटायचे दगड, सुमारे २८,००० वर्षांपूर्वीचे कांगारूच्या हाडाला टोक काढून केलेले हत्यार. शेवटच्या हिमयुगाच्या सर्वांत कोरड्या काळातही माणसे इथे येत राहिली, याचा पुरावा. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात अशा जागा फार थोड्या आहेत.

आणि केसांचा एक तुकडा. साधारण ४,००० वर्षांपूर्वीचा, माणसांच्या केसांच्या बटा गुंफून केलेला, बहुधा कमरपट्ट्याचा भाग. आपल्याकडचा करगोटा डोळ्यांपुढे आणावा. केस एकाच डोक्याचे नव्हते, अनेकांचे होते. म्हणजे अनेक माणसांनी आपले केस एकमेकांत गुंफले होते. त्यातल्या जनुकीय अंशाची तुलना झाली तेव्हा तो आजच्या पीकेकेपी लोकांशी जुळला. न्यायालयात आपला हक्क सिद्ध करण्यासाठी ज्यांना वर्षानुवर्षे साक्षी द्याव्या लागतात, त्यांच्या मुलखात, त्यांच्याच कपारीत, त्यांच्याच रक्ताच्या माणसांचे केस चार हजार वर्षे जमिनीखाली होते.

हे सगळे कंपनीला कळले होते. अहवाल तिच्याच कामासाठी झाला होता, तिच्याच दप्तरात होता. कलम १८ ची संमती मात्र या उत्खननाच्या आधीची, २०१३ ची. कायद्यात असे कुठेही नव्हते की नवी माहिती आली तर मंत्र्याला कळवा आणि संमतीचा फेरविचार करा. मंत्र्याने २०१३ मध्ये ज्या जागेवर पाणी सोडले ती जागा कागदावर तशीच राहिली, आणि जमिनीखालून निघालेली जागा वेगळीच होती. कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी जाँ-सेबास्तियाँ जाक यांनी पुढे समितीपुढे सांगितले, की या जागेचे महत्त्व त्यांना स्फोटानंतर कळले.

नऊ दिवस

आता पुन्हा मे २०२० कडे येतो. १५ तारखेच्या विचारणेनंतर पीकेकेपींच्या संस्थेत धावपळ उडाली. कंपनीला थांबण्याची विनंती झाली. भरलेले सुरुंग काढणे धोक्याचे आहे, असे उत्तर आले. एकूण ३८२ भोके होती.

याच दिवसांत कंपनीच्या लक्षात आले की काही भोके अशा दुसऱ्या वारसास्थळांजवळ आहेत ज्यांच्यासाठी मंत्र्याची संमती घेतलेली नाही. तिथले सात सुरुंग काढण्यात आले. म्हणजे जिथे कायद्याचा धाक होता तिथे सुरुंग निघू शकत होते. या सात भोकांचा उल्लेख बातम्यांत एखाद्या ओळीत येऊन जातो. मला तो या नऊ दिवसांतला सर्वांत बोलका तपशील वाटतो.

समाजाच्या वकिलांनी केंद्र सरकारकडे धाव घेतली. आदिवासी खात्याचे मंत्री तेव्हा केन वायट होते, त्या पदावर आलेले पहिले आदिवासी. त्यांच्या कार्यालयाने सांगितले की तातडीच्या संरक्षणाचा १९८४ चा केंद्रीय कायदा पर्यावरण मंत्र्यांकडे येतो, तिकडे जा. इकडे करारातली कलमे आडवी आली: आधी कंपनीला रीतसर कळवा, मगच दाद मागा. कंपनीने स्वतःचे वकील मात्र तयार ठेवले होते, समाज मनाईहुकूम मागायला गेलाच तर. एका बाजूला हात बांधलेली संस्था, दुसऱ्या बाजूला सज्ज कायदेशीर फौज, आणि मधे दिवस मोजत बसलेले ज्येष्ठ.

स्फोटानंतर दोन दिवसांनी, २६ मे रोजी, बातमी फुटली. योगायोग असा की ऑस्ट्रेलियात २६ मे हा आदिवासींवर झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागण्याचा दिवस म्हणून पाळला जातो.

नंतर

कंपनीने माफी मागितली. ऑगस्टमध्ये संचालक मंडळाच्या अंतर्गत आढाव्यातून तीन वरिष्ठांचे बोनस कापण्यात आले, आणि तेवढ्यावर विषय संपेल असे वाटले. तो संपला नाही याचे श्रेय बऱ्याच अंशी ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या निवृत्तिवेतन निधींना जाते. सामान्य नोकरदारांचे पैसे सांभाळणाऱ्या या भागधारकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ११ सप्टेंबर २०२० रोजी जाक यांच्यासह तिघे वरिष्ठ पद सोडणार असे जाहीर झाले. पुढच्या मार्चमध्ये अध्यक्ष सायमन थॉमसन यांनीही पायउतार होण्याची घोषणा केली. एक गोष्ट इथे टोचते: देशाच्या कायद्याला आणि समाजाच्या हक्काला जे जमले नाही ते शेअर बाजाराने केले.

संसदेच्या संयुक्त समितीने डिसेंबर २०२० मध्ये अंतरिम आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अंतिम अहवाल दिला. अंतरिम अहवालात कंपनीने समाजाशी भरपाईबद्दल बोलणी करावी असे सांगितले होते, तोंडबंदीच्या कलमांवर बोट ठेवले होते; अंतिम अहवालाने देशभरासाठी एक नवा वारसा कायदा मागितला.

राज्याने डिसेंबर २०२१ मध्ये नवा कायदा केला. त्यात शेवटचा शब्द मंत्र्याचाच राहिला म्हणून अनेक आदिवासी संघटनांचा त्याला विरोध होता. १ जुलै २०२३ रोजी तो अमलात आला आणि शेतकरी व जमीनमालकांच्या ओरडीपुढे ८ ऑगस्टला सरकारने तो मागे घेत असल्याचे जाहीर केले. १९७२ चाच कायदा काही दुरुस्त्यांसह नोव्हेंबर २०२३ पासून पुन्हा लागू झाला. त्यातल्या दोन दुरुस्त्या थेट जूकनमधून आल्या आहेत: संमतीनंतर जागेबद्दल नवी माहिती हाती आली तर ती मंत्र्याला कळवणे बंधनकारक झाले, आणि मंत्र्याच्या निर्णयाचे पुनरावलोकन मागण्याचा हक्क नेटिव्ह टायटलधारकांनाही मिळाला. ‘नको’ म्हणण्याचा हक्क अजूनही नाही.

मेंढा आणि अभ्यासगट

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव मराठी वाचकाला सांगायला नको. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारे, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. ऑस्ट्रेलियाच्या प्रकरणात मला या गावाची आठवण होते ती घोषणेमुळे नव्हे. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतो हे सगळे सांगतात. पण त्याच्या आधी अभ्यासगट बसतो हे कमी सांगितले जाते. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येऊ शकतात, कागद वाचले जातात, दुसरी बाजू मांडली जाते, महिनोन्महिने चर्चा चालते. निर्णय मात्र तिथे होत नाही, तो ग्रामसभेतच होतो. समजून घेण्याची जागा आणि ठरवण्याची जागा या दोन वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि समजून घेण्याची जागा गावाच्या ताब्यात आहे.

पीकेकेपींकडे ठरवण्याची जागा होती: संस्था, संचालक, सभा, ज्येष्ठ. त्यात त्यांच्या बाजूने काही उणे होते असे मला दिसत नाही. घळीचे महत्त्व त्यांनी कंपनीला वेळोवेळी सांगितले होते. पण समजून घेण्याची जागा कंपनीच्या हातात होती. खाणीचे आराखडे तिचे, पाहणीचा पैसा तिचा, कोणता कागद केव्हा दाखवायचा हेही तिने ठरवायचे. प्रकल्पाची पूर्ण माहिती ग्रामसभेपुढे ठेवा म्हणणारे आपल्या केंद्र सरकारचे वनजमिनीबाबतचे २००९ चे परिपत्रक असो की २००७ चा संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा असो (ऑस्ट्रेलियाने त्याच्या विरोधात मत दिले आणि २००९ मध्ये पाठिंबा दिला), त्यातला ‘माहिती’ हा शब्द कोणाच्या कपाटाच्या किल्लीवर अवलंबून आहे, हा प्रश्न जूकनने विचारला आहे. सुरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगरावर ठाकूरदेवाच्या यात्रेला जाणाऱ्या माडियांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ग्रामसभांच्या कार्यकर्त्यांशी बोलताना मी या प्रकरणातून एकच सवय उचलायला सांगतो. कंपनी किंवा खाते ठराव मागायला आले की पहिला प्रश्न ‘मोबदला किती’ हा नको. ‘तुम्ही आणखी कोणते पर्याय तपासले, ते सगळे नकाशे आणा’ हा असावा. आणि ते उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे. नकाशे आले नाहीत तर तेही लिहावे.

२०२२ पासून

नोव्हेंबर २०२२ मध्ये पीकेकेपी आणि रिओ टिंटो यांच्यात भरपाईचा समझोता झाला आणि त्यातून जूकन घळीच्या नावाने एक प्रतिष्ठान उभे राहिले. रक्कम जाहीर केलेली नाही. तो समाजाचा निर्णय आहे आणि मला तो योग्यच वाटतो. जून २०२५ मध्ये दोघांनी सहव्यवस्थापनाचा करार केला. त्यानुसार त्यांच्या मुलखातल्या खाणींच्या आखणीत समाज सुरुवातीपासून बसणार आहे. म्हणजे आराखडे निवडून झाल्यावर नाही, आराखडे काढायच्या वेळी. २०१३ च्या टेबलावर जी खुर्ची नव्हती ती आता करारात लिहिली आहे. ती किती भक्कम आहे हे पुढचा एखादा महागडा डोंगर आडवा येईल तेव्हा कळेल.

घळीत दरम्यान वेगळेच काम चालले. फुटलेल्या खडकांचा ढिगारा हलवून जूकन २ चा तळ पुन्हा मोकळा करण्यात आला आणि पुरातत्त्वज्ञांनी, पीकेकेपी लोकांच्या सोबतीने, तिथे पुन्हा उत्खनन केले. ज्या थरांना सुरुंगाने हादरवले त्यांतला काही भाग खाली शिल्लक होता. लाल धूळ चाळणीतून गाळत, दगडाचा कपचा आणि हाडाचा तुकडा वेगळा करत, ज्यांचे केस त्या करगोट्यात होते त्यांची नातवंडे-पतवंडे त्या जमिनीवर पुन्हा उभी राहिली. यावेळी ते काम त्यांच्याच संमतीने सुरू झाले होते.